२१४७४८३६४७ मूळ आहे हे कसं पडताळायचं, आणि प्रोग्रॅम नेमका तिथेच का घसरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते स्वतः पडताळायचं कसं? साधा भागाकार करत जाणारा प्रोग्रॅम तिला विभाज्य का ठरवतो? आणि रँडम नंबर, हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ओळख-आकडा), संगणकाचं घड्याळ अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी हीच संख्या पुन्हा पुन्हा का भेटते?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. ही संख्या म्हणजे २^३१ − १. द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने एकतीस वेळा १, दुसरं काही नाही. तिच्यात एक मिळवला की थेट २ चा घात येतो. तिचे बहुतेक गुण इथूनच निघतात आणि तिच्यावर होणाऱ्या बहुतेक चुकाही. पुढे लिहिताना तिला नुसतं ‘म’ म्हणतो.

आधी बिघडलेला प्रोग्रॅम घेऊ. लूप साधारण असा असतो: क हा ३ पासून दोन-दोनने वाढवायचा, ‘क × क ≤ न’ असेपर्यंत चालू ठेवायचं, मध्ये कुठे न ला क ने पूर्ण भाग गेला तर ‘विभाज्य’ म्हणून थांबायचं. तर्कात काही खोट नाही. खोट आहे क च्या प्रकारात. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मावणारी सगळ्यांत मोठी संख्या म्हणजे हा म च. त्यामुळे न = म असताना ‘क × क ≤ न’ ही अट खोटी ठरूच शकत नाही, कारण न पेक्षा मोठं काही त्या चौकटीत मावतच नाही. ४६३३९ चा वर्ग २१४७३०२९२१, तो मावतो. पुढचा क म्हणजे ४६३४१, त्याचा वर्ग २१४७४८८२८१. तो मावत नाही. जावामध्ये तो गुंडाळला जाऊन −२१४७४७९०१५ होतो. ऋण संख्या न पेक्षा लहानच, म्हणून लूप पुढे चालत राहतो, आणि अखेरीस क स्वतः २१४७४८३६४७ होतो. न ला न ने पूर्ण भाग जातो. प्रोग्रॅम सांगतो: विभाज्य!

सी भाषेत तर चिन्हासहित पूर्णांक ओव्हरफ्लो झाला, म्हणजे चौकटीत मावेनासा झाला, की काय व्हावं याची भाषेने हमीच दिलेली नाही. त्यामुळे तोच कोड कंपायलरच्या वेगवेगळ्या ऑप्टिमायझेशनला वेगवेगळं उत्तर देऊ शकतो. २१४७३०२९२१ पेक्षा लहान संख्यांना ही अडचण येत नाही, म्हणून नेहमीच्या चाचण्यांत ही चूक वर्षानुवर्षं दडून राहते.

दुरुस्ती: अट ‘क ≤ न ÷ क’ अशी लिहा. नाहीतर क ६४ बिटांचा करा. नुसता न ६४ बिटांचा करून भागत नाही, कारण क × क हा गुणाकार तरीही ३२ बिटांतच होतो आणि तिथेच तुटतो.

दुरुस्त केलेला लूप बरोबर उत्तर देतो, आणि म च्या आकाराला तो पुरेसाही आहे. ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या सुमारे ४८०० भरतात. यंत्राला हे काम क्षणाचंही नाही. पण हाताने ४८०० भागाकार करणार कोण? गणिती ऑयलरने १७७२ मध्ये बर्नोलीला लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचं कळवलं, ते यापेक्षा पुष्कळ कमी कष्टात. ती चाळणी समजून घेण्यासारखी आहे.

समजा एखादी मूळ संख्या भ ही म ला पूर्ण भागते. मग २^३१ ला भ ने भागलं की बाकी १ उरते. ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे २ चे घात घेत गेल्यावर बाकी १ पहिल्यांदा नेमकी ३१ व्या घातालाच येते, आधी येऊ शकत नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार भ − १ व्या घातालाही बाकी १ येतेच. म्हणून भ − १ ला ३१ ने भाग जायला हवा. शिवाय भ विषम, म्हणून ६२ नेही. म्हणजे भ = ६२क + १.

दुसरी अट याहून देखणी आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. याचा अर्थ भ च्या जगात (म्हणजे भ ने भागून फक्त बाकी बघितली तर) २ हा कुणाचा तरी वर्ग आहे, आणि असं फक्त तेव्हाच होतं जेव्हा भ ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की भ चे दोनच नमुने उरतात: २४८क + १ आणि २४८क + ६३.

४६३४० पर्यंत असे एकूण ३७३ आकडे आहेत, आणि त्यातले मूळ निवडले तर ऐंशीच्या आसपास. सुरुवातीचे उमेदवार बघा: ६३ मूळ नाही, २४९ ला ३ ने भाग जातो, ३११ मूळ आहे. २१४७४८३६४७ ला ३११ ने भागल्यावर बाकी ३५. पुढचा मूळ उमेदवार १३०३, बाकी २२६. त्यापुढचा १४८९, बाकी १९९. मग थेट २५४३. उमेदवार इतके विरळ आहेत की कागद-पेन्सिल घेऊन चिकाटीने बसणाऱ्याला हे काही दिवसांचं काम आहे.

चाळणी बरोबर लागली का हे तपासायला आधी लहान भावंडांवर चालवून बघावी. २^११ − १ = २०४७ साठी पहिलाच उमेदवार २३, आणि २०४७ = २३ × ८९. २^२३ − १ साठी पहिला उमेदवार ४७, तोही लागतो. २^२९ − १ साठी ५९ ला आठाची अट बाद करते, ११७ आणि १७५ मूळ नाहीत, मग २३३ लागतो. घातांक मूळ असला की संख्याही मूळ असते हा गैरसमज इथे मोडतो. ऑयलरच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी इटालियन गणिती कताल्दीने २३, २९, ३१ आणि ३७ या चारही घातांकांना मूळ संख्या मिळते असा दावा केला होता. त्यातला ३१ चा तेवढा खरा निघाला. फ्रेंच विद्वान मर्सेनच्या १६४४ च्या यादीतही ६७ आणि २५७ चुकून शिरले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. तरी २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या अशा संख्यांना नाव मात्र त्याचंच मिळालं: मर्सेन संख्या. ऑयलरच्या सिद्धतेनंतर पाऊणशे वर्षं तरी म हीच सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

आता संगणकावर ‘झटपट चाचणी’ करणाऱ्यांसाठी एक सापळा. फर्माची चाचणी अशी: २^(न−१) ला न ने भागून बाकी १ आली तर न बहुधा मूळ. मर्सेन संख्यांवर पाया २ (ज्याचे घात घेतो ती संख्या) घेऊन ही चाचणी करण्याला काडीचाही अर्थ नाही. घातांक मूळ असेल तर ती प्रत्येक मर्सेन संख्येला उत्तीर्णच करते, मग ती संख्या मूळ असो वा नसो. कारण सरळ आहे: न = २^घ − १ असेल तर २ चे घात दर घ पायऱ्यांनी १ वर परत येतात, आणि न − १ = २^घ − २ ला घ ने नेहमीच भाग जातो. अधिक कडक मानली जाणारी मिलर-राबिन चाचणीही पाया २ वर इथे तशीच फसते. २०४७ ही मिलर-राबिनच्या पाया २ ला फसवणारी सगळ्यांत लहान संख्या आहे, आणि ती मर्सेन संख्या असणं हा योगायोग नाही.

म्हणून मर्सेन संख्यांवर फर्माची चाचणी करायची तर पाया ३ घ्यावा. सर्वसाधारण कामासाठी मिलर-राबिनमध्ये २, ३, ५, ७ हे चार पाये घेतले तर ३२१५०३१७५१ पेक्षा लहान कोणत्याही संख्येला उत्तर शंभर टक्के खात्रीचं मिळतं, ‘बहुधा’ नाही. म त्या मर्यादेच्या आत येतो. २, ७, ६१ हे तीन पाये ४७५९१२३१४१ पर्यंत चालतात, म्हणजे ३२ बिटांचं सगळं रान त्यांनी झाकलं जातं. म साठी ही चाचणी फार सुटसुटीत होते, कारण म − १ मध्ये २ एकदाच आहे: म − १ = २ × १०७३७४१८२३. त्यामुळे प्रत्येक पायाचा १०७३७४१८२३ वा घात काढायचा आणि बाकी १ किंवा म − १ आहे का एवढंच बघायचं. पाया २ ला १ येतो. पाया ३ आणि पाया ७ ला म − १, म्हणजे २१४७४८३६४६ यायला हवं. वेगळं काही आलं तर संख्येवर नाही, आपल्या गुणाकारावर संशय घ्या.

पण मर्सेन संख्यांसाठी खरी हक्काची चाचणी लुकास-लेमरची. ४ पासून सुरू करा. प्रत्येक पायरीला वर्ग करा, २ वजा करा, म ने भागून बाकी ठेवा. २९ पायऱ्यांनंतर (घातांक वजा दोन) शून्य आलं तर म मूळ, नाही आलं तर विभाज्य. मधली अवस्था नाही. आपला प्रोग्रॅम जुळवून बघायला ही पदं:

पद ०: ४
पद १: १४
पद २: १९४
पद ३: ३७६३४
पद ४: १४१६३१७९५४
पद ५: ६६९६७०८३८
पद ६: १९३७२५९४१९
…
पद २७: ११८१५३६७०८
पद २८: ६५५३६
पद २९: ०

चौथ्या पदापर्यंत भागाकार लागतच नाही, खरी परीक्षा पाचव्यापासून. ते जवळून बघू, कारण म चा सगळ्यांत उपयोगी गुण तिथे दिसतो. १४१६३१७९५४ चा वर्ग करून २ वजा केले की २००५९५६५४६८२२७४६११४. याला म ने भागायचं आहे, पण प्रत्यक्ष भागाकार करायची गरज नाही. म च्या जगात २^३१ आणि १ एकच. म्हणून संख्येचे खालचे ३१ बिट वेगळे काढायचे, वरचे बिट ३१ घरं खाली सरकवायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. इथे वरचा भाग ९३४०९६३०७, खालचा १८८३०५८१७८. बेरीज २८१७१५४४८५. ती म पेक्षा मोठी आहे, म्हणून एकदा म वजा: ६६९६७०८३८. झालं. दहाच्या जगात ९ ने भागण्याऐवजी अंकांची बेरीज करतो, तीच ही युक्ती; पुढे तिला ‘घडी घालणं’ म्हणतो. फक्त इथे ‘अंक’ ३१ बिटांचा आहे.

या युक्तीत एक खाच आहे, आणि ती नेमकी शेवटच्या पायरीला टोचते. ६५५३६ चा वर्ग वजा २ म्हणजे ४२९४९६७२९४. वरचा भाग १, खालचा २१४७४८३६४६. बेरीज २१४७४८३६४७, म्हणजे म स्वतः! म च्या जगात ते शून्यच आहे, पण प्रोग्रॅमला ते कळत नाही. ‘म पेक्षा मोठी असेल तर वजा करा’ अशी अट लिहिली असेल तर म तसाच राहतो, शून्याशी तुलना फसते, आणि एकोणतीस पायऱ्या बिनचूक करूनही निकाल ‘विभाज्य’ येतो. अट ‘म इतकी किंवा म पेक्षा मोठी’ अशीच हवी. २^७ − १ = १२७ वर हे हातानेही दिसतं: ४, १४, ६७, ४२, १११, आणि मग १११ चा वर्ग वजा २ = १२३१९ = ९६ × १२८ + ३१. घडी घातली की ९६ + ३१ = १२७, म्हणजे पुन्हा तोच प्रकार.

दुसरी खाच: वर्ग ६२ बिटांपर्यंत जातो. ६४ बिटांच्या पूर्णांकात तो मावतो, पण डबलमध्ये (अपूर्णांक ठेवणाऱ्या ६४ बिटी प्रकारात) नाही, कारण तिथे नेमकेपणा ५३ बिटांपर्यंतच असतो. जावास्क्रिप्टमध्ये साध्या अंकांनी ही चाचणी लिहिली तर पद ५ च चुकीचं येतं, आणि कुठलीही सूचना मिळत नाही. तिथे बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक ठेवणारा प्रकार) वापरावा. डबलच्या निम्म्या आकाराच्या फ्लोटची तर गोष्टच सोडा. २४ बिटांच्या नेमकेपणात २१४७४८३६४७ साठवली की ती २१४७४८३६४८ होते. मूळ संख्या ठेवायला दिली आणि परत मिळाला २ चा घात!

शून्याच्या आधीचं पद ६५५३६ येणं हाही योगायोग नाही. वर बघितलं तसं ६५५३६ चा वर्ग म च्या जगात २ आहे. २ चं वर्गमूळ ६५५३६ किंवा त्याचं ऋण रूप, तिसरं नाही. मर्सेन संख्या मूळ असेल तर शून्याच्या आधी या दोहोंपैकी एक यायलाच हवं. १२७ मध्ये १११ आलं ते म्हणजे −१६. मोठ्या घातांकांवर चाचणी चालवताना शून्याच्या आदल्या पदाची ही झडती फुकटात मिळते.

ज्यांना ‘प्रोग्रॅमने सांगितलं’ एवढ्यावर समाधान नाही, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग म्हणजे प्रमाणपत्र. म − १ चे अवयव असे:

२१४७४८३६४६ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

आता पाया ७ घ्या. ७ चा (म − १) वा घात बाकी १ देतो हे पडताळा. मग म − १ ला वरच्या सातही वेगवेगळ्या मूळ अवयवांनी एकेकदा भागून येणारे घात घ्या: १०७३७४१८२३, ७१५८२७८८२, ३०६७८३३७८, १९५२२५७८६, ६९२७३६६६, १४२२१७४६, ६४८७८६६. यातल्या एकाही घाताला बाकी १ येता कामा नये. तसं झालं की ७ चे घात म − १ पायऱ्यांआधी कधीच १ वर परतत नाहीत, आणि असं फक्त मूळ संख्येच्याच जगात घडू शकतं. एकूण आठ घात काढायचे. हा पुरावा कागदाच्या एका बाजूवर मावतो आणि कुणालाही स्वतंत्रपणे तपासता येतो, म्हणून मला तो सगळ्यांत आवडतो. अडचण एकच, म − १ चे पूर्ण अवयव माहीत असावे लागतात. म च्या बाबतीत ते सोपे आहेत. शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत तिथेच गाडी अडते.

अशा पायाला, ज्याचे घात १ पासून म − १ पर्यंतच्या सगळ्या संख्या एकेकदा फिरून येतात, आदिम मूळ म्हणतात. म चं सगळ्यांत लहान आदिम मूळ ७. एकूण आदिम मुळं ५३४६०००००, म्हणजे साधारण दर चार संख्यांत एक. २ मात्र त्या रांगेत अगदी मागे. त्याचे घात ३१ पायऱ्यांतच घरी परत येतात. ते असं का, हे बिटांत बघितलं की लगेच कळतं: म च्या जगात २ ने गुणणं म्हणजे ३१ बिटांची साखळी एक घर फिरवणं, डावीकडून पडलेला बिट उजवीकडून आत. एकतीस वेळा फिरवली की साखळी होती तशी. २ ने भागणं म्हणजे उलट फिरवणं, म्हणजेच २^३० ने गुणणं.

रँडम नंबरांचा संबंध इथे येतो. ७ चा पाचवा घात १६८०७. ५ ने म − १ ला भाग जात नाही, म्हणून १६८०७ हेही आदिम मूळच. ‘आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा आणि म ने भागून बाकी घ्या’ हा नियम १ पासून चालवला तर २१४७४८३६४६ पायऱ्यांपर्यंत एकही संख्या पुन्हा येत नाही. १९६९ मध्ये आयबीएमच्या ३२ बिटी यंत्रांसाठी लुईस, गुडमन आणि मिलर यांनी तो मांडला, आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जाचा जनक (रँडम नंबर तयार करणारा नियम) म्हणून सुचवला. ‘किमान’ या शब्दावर भर द्या. सुरुवातीच्या संख्या १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८. दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ आली तर तुमचा कोड बरोबर.

६४ बिटांचा पूर्णांक नसेल तर गुणाकार मावत नाही. तेव्हा श्रागेची रीत वापरतात: म = १६८०७ × १२७७७३ + २८३६. चालू संख्येला १२७७७३ ने भागा. बाकीला १६८०७ ने गुणा, भागाकाराला २८३६ ने गुणा, पहिल्यातून दुसरं वजा करा, ऋण आलं तर म मिळवा. मधली कुठलीही संख्या ३१ बिटांबाहेर जात नाही. आज ६४ बिट सगळीकडे आहेत, तेव्हा घडीची युक्तीच वापरावी. पण छोट्या मायक्रोकंट्रोलरवर श्रागेची रीत अजून कामाला येते.

यात बिघडतं ते बी, म्हणजे सुरुवातीची संख्या, निवडताना. बी ० किंवा म दिलं तर जनक कायम शून्यावर अडकतो. लागोपाठची बियाणी, म्हणजे १, २, ३, दिली तर पहिल्या संख्या १६८०७ च्या पाढ्यात येतात, म्हणजे यादृच्छिकपणा नावालाही नाही. सुरुवातीच्या काही संख्या टाकून द्याव्यात. शिवाय एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात, तेव्हा पासवर्ड, टोकन वगैरेंच्या आसपासही याला फिरकू देऊ नये. १६८०७ ऐवजी ४८२७१ घेतलं तर गुणवत्ता जरा बरी, पण हा शेवटचा दोष तसाच राहतो.

आदिम मुळांशी नातं असलेली आणखी एक सोय: म ला ४ ने भागल्यावर बाकी ३ येते, म्हणून म च्या जगात −१ ला वर्गमूळ नाही, आणि ज्यांना आहे त्यांचं काढणं फार सोपं. सूत्र सांगतं (म + १) ÷ ४ वा घात घ्या. पण म + १ = २^३१, म्हणजे हा घात २^२९. तर संख्येचा सलग एकोणतीस वेळा वर्ग करा, वर्गमूळ हातात. मग उत्तराचा वर्ग करून मूळची संख्या येते का बघायला विसरू नका. ऋण आली तर तिला वर्गमूळ नव्हतंच. इतर मूळ संख्यांत हे काम याहून बरंच किचकट असू शकतं.

हॅशसाठी म वापरणारे पुष्कळ असतात. भागाकाराऐवजी घडी घालून काम भागतं, म्हणून वेग चांगला मिळतो. पण म लहान आहे. सुमारे ५४५०० वेगवेगळ्या मजकुरांत दोघांचा हॅश जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. लाखभर नोंदी असतील तर टक्कर गृहीतच धरा. त्याच घराण्यातली २^६१ − १ = २३०५८४३००९२१३६९३९५१ घ्या. घडीची युक्ती तीच, फक्त गुणाकाराला १२८ बिट लागतात. गुप्तलेखनातल्या आरएसए पद्धतीसाठी (तिची सुरक्षितता दोन गुप्त मूळ संख्यांच्या गुणाकारावर टिकते) मात्र मर्सेन संख्या कधीच घेऊ नये, ती कितीही मोठी असो. ज्ञात मर्सेन मूळ संख्या जेमतेम ५२ आहेत. भागून बघणाऱ्याचं काम क्षणात संपेल.

संगणकाच्या घड्याळाचा संबंध गणिती नाही, तो केवळ ३२ बिटांच्या मर्यादेचा आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी ३२ बिटी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला यूटीसी ०३:१४:०७ वाजता म वर पोचतात आणि पुढच्या सेकंदाला ऋण होतात.

शेजारपाजार: म च्या आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. म − २ ला ५ ने आणि म + २ ला ३ ने भाग जातो, म्हणून ही जुळी नाही. मूळ संख्यांच्या रांगेत तिचा क्रमांक १०५०९७५६५. चाळणी लिहून मोजणी जुळवायची असेल तर हा आकडा पक्का आहे. मर्सेन मूळ संख्यांत ती आठवी, आणि तिच्यातून आठवी परिपूर्ण संख्या मिळते: २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८. स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच. १८११ मध्ये पीटर बार्लोने लिहिलं होतं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, कारण उपयोग नसताना ते कष्ट घेईल कोण! १८७६ मध्ये लुकासने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, ती ३९ अंकी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही ४१०२४३२० अंकी आहे. ती आधी पाया घेऊन केलेल्या फर्मा-छाप चाचणीत सापडली आणि मग लुकास-लेमरने पक्की झाली.

राहता राहिला एक प्रश्न, जो म बद्दल वाचणाऱ्या प्रत्येकाला पडतो: म मूळ आहे, तर म लाच घातांक केलं तर? २^२१४७४८३६४७ − १ या संख्येत ६४ कोटींहून अधिक अंक आहेत. तिच्यावर लुकास-लेमर चालवायची गरज नाही, कारण ती मूळ नाही. २९५२५७५२६६२६०३१ ने तिला पूर्ण भाग जातो. हा विभाजकही ऑयलरच्या चाळणीतूनच येतो: २ × ६८७४५ × म + १, आणि ८ ने भागल्यावर बाकी ७. पडताळणी घरच्या यंत्रावर होते. १ पासून सुरू करा, एकतीस वेळा ‘वर्ग करा, २ ने गुणा, या विभाजकाने भागून बाकी ठेवा’ (घातांकाचे एकतीसही बिट १ आहेत, म्हणून प्रत्येक वेळी २ ने गुणायचंच). शेवटी १ उरायला हवा. विभाजक ४९ बिटांचा आहे, वर्ग ९८ बिटांपर्यंत जातो, तेव्हा इथे ६४ बिटांवर विसंबू नका.